प्रौढ अपत्यांना दिलेला पैसा आणि त्याची नोंद

जळगाव महानगरपालिकेच्या हद्दीतील पिंप्राळा हे मूळचे गाव आता शहराचे उपनगर झाले असून, भुसावळची रेल्वे, वरणगावची आयुध निर्माणी, दीपनगरचे वीज केंद्र किंवा जिल्हा परिषदेच्या शाळा यांतून निवृत्त झालेल्या ज्या कुटुंबांनी येथे घरे बांधली, त्यांच्यात मुलगा तिशीला आला तरी आई-वडिलांकडून त्याला पैसा मिळत राहणे अपवादात्मक मानले जात नाही. पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यास खोलीभाडे, मेस आणि अभ्यासिकेचे शुल्क दरमहा पाठवले जाते, तर नोकरी लागलेल्यास फ्लॅटच्या सुरुवातीच्या रकमेसाठी निवृत्तीचा फंड मोडून दिला जातो. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानुसार सज्ञान मुलाला पोसण्याचे बंधन आई-वडिलांवर नाही (स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित मुलीची गोष्ट वेगळी). उलट, वृद्ध आणि निराधार आई-वडिलांना सांभाळण्याचे बंधन मुलांवर आहे. म्हणजे प्रौढ मुलाला मिळणारे हे साह्य केवळ मायेपोटी होते, आणि म्हणूनच त्याला शेवट कोठे हे कोणी ठरवत नाही. राज्यसेवा परीक्षेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गास 38 आणि मागासवर्गीयांस 43 वर्षे असल्यामुळे ‘आणखी एक प्रयत्न’ कोठे थांबवायचा, हे घरानेच आधी बोलून ठेवणे आवश्यक ठरते.

तथापि खरा धोका देण्यात नसून न बोलता देण्यात आहे. प्रस्तुत लेखकाच्या घरी वडिलांच्या पश्चात त्यांच्या डायरीत मोठ्या मुलाचे नाव, त्यापुढे रक्कम आणि ‘दुकानासाठी’ एवढाच शब्द अशी एक ओळ सापडली. मोठ्याने तिचा अर्थ भेट असा लावला, धाकट्याने वाटणीतील हिस्सा असा, तर बहिणीने उसनवारी असा. तिघेही खरेच बोलत होते, कारण वडिलांनी तिघांना वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे सांगितले होते. आषाढी एकादशीला पिंप्राळ्याच्या रथोत्सवाला एकत्र जाणारी भावंडे पुढे काही वर्षे एकमेकांची वेळ टाळून जाऊ लागली.

अशी वेळ येऊ नये म्हणून रक्कम हातातून जाण्यापूर्वी तिचे स्वरूप लिहून ठेवावे. ती उसनी असेल, तर परतफेडीची मुदत ठरलेली नसल्यास वसुलीचा दावा साधारणतः रक्कम दिल्यापासून 3 वर्षांतच लावता येतो, हे ध्यानात असावे. ती भेट असेल, तर आई-वडिलांकडून मिळालेल्या भेटीवर मुलाला आयकर लागत नाही. ती ‘उचल’, म्हणजे भावी हिश्श्यापोटी आगाऊ दिलेली रक्कम असेल, तर मृत्युपत्रात तसा स्पष्ट उल्लेख हवाच. कारण मृत्युपत्र नसल्यास स्वकष्टार्जित मालमत्ता विधवा, मुलगे आणि मुली यांच्यात समान वाटली जाते आणि हयातीत दिलेली रक्कम त्यातून आपोआप वळती होत नाही. मुलाच्या कर्जाला जामीन राहणे हेदेखील देणेच आहे, कारण जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि बँक थेट त्याच्याकडे वसुलीला येऊ शकते.

सर्वाधिक सावधगिरी राहत्या घराबाबत बाळगावी लागते. महाराष्ट्रात अपत्यांच्या नावे निवासी मालमत्तेचे बक्षीसपत्र करण्यास मुद्रांक शुल्क अवघे 200 रुपये आहे, त्यामुळे हे पाऊल सहज उचलले जाते. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या 2007 च्या कायद्यातील कलम 23 प्रमाणे, सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास न्यायाधिकरणाकडून परत मिळवता येते. मात्र अशी अट असल्याचे सिद्ध व्हावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले. जानेवारी 2025 च्या निकालात न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला असला, तरी त्या प्रकरणातही सांभाळाचे वचन लेखी होते. त्यामुळे घर हयातीत द्यायचेच असेल, तर आई-वडील दोघांचाही तहहयात राहण्याचा हक्क आणि सांभाळाची अट त्याच दस्तात लिहून घ्यावी, आणि त्या दिवशी मुलींसह सर्व अपत्यांना समोर बसवून तो दस्त मोठ्याने वाचून दाखवावा.