माणसांचे आभार आणि अल्लाहचा शुक्र



घरात बाळ जन्माला येते, तेव्हा पहिला उद्गार निघतो तो ‘अलहमदुलिल्लाह’ असा. तो योग्यच आहे, कारण जीवन देणारा अल्लाहच आहे. परंतु या उद्गारानंतर आपल्यावर आणखी एक ऋण उरते. त्याचा आपल्याला बहुधा विसर पडतो. गेल्या वर्षी मलाही पडला होता.

माझ्या लेकीला बत्तिसाव्या आठवड्यात रक्तदाबाचा गंभीर त्रास सुरू झाला. पाय सुजले, डोके असह्य दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. रुग्णालयात दाखल करताच बाळाच्या फुप्फुसांना बळ यावे म्हणून इंजेक्शन दिले गेले आणि झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट सुरू झाले. त्या रात्री एक परिचारिका दर तासाला येऊन तिला उठवत होती. गुडघ्यावर हातोडीने हलकेच ठोकून पाहत होती, श्वास मोजत होती, लघवीच्या पिशवीतील माप लिहून नेत होती. पहाटे तीन वाजता माझा संयम सुटला. मी तिच्यावर ओरडले, “तिला जरा झोपू द्या! तुमच्या काळजाला काही दया आहे की नाही?”

ती रागावली नाही. शांतपणे म्हणाली, “आई, हे औषध अंगात जास्त झाले तर आधी गुडघ्याची हालचाल थांबते, मग श्वास मंदावतो. ती मला उत्तर देते, तेव्हाच मी निश्चिंत होते.” मग ती पुढच्या खाटेकडे गेली.

बाळ शस्त्रक्रियेने झाले आणि तीन आठवडे नवजात शिशूंच्या अतिदक्षता कक्षात राहिले. तेथील परिचारिकांनीच माझ्या लेकीला बाळ उघड्या छातीशी धरून ऊब कशी द्यावी, हे शिकवले. माय-लेक सुखरूप घरी आले. अकीका झाला, पेढे वाटले गेले, डॉक्टरांना खास भेट गेली. त्या संध्याकाळी लेकीने विचारले, “अम्मी, त्या रात्रीच्या सिस्टरचे नाव काय गं?” आमच्या भरलेल्या घरात एकालाही ते ठाऊक नव्हते.

हा प्रश्न मला कुरआन व हदीसच्या शिकवणीकडे घेऊन गेला.

शुक्राचे दोन पदर

सूरह लुकमानच्या चौदाव्या आयतीत अल्लाहने मातेच्या गर्भारपणाचे वर्णन केले आहे. ती अशक्तपणावर अशक्तपणा सोसून बाळाला वाहते, असा त्याचा आशय आहे. त्याच आयतीत आदेश येतो की माझा शुक्र अदा करा आणि आपल्या माता-पित्यांचाही. ज्या अल्लाहला कशाचीही गरज नाही, त्याने आपल्या शुक्राला जोडूनच माणसांचा शुक्र सांगितला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तर स्पष्टच शिकवले की जो माणसांचे आभार मानत नाही, तो अल्लाहचाही शुक्र अदा करत नाही. ही हदीस अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे.

याचे कारण उघड आहे. अल्लाहची कृपा आपल्यापर्यंत बहुधा कोणाच्या तरी हातून पोहोचते. तो हात दुर्लक्षित ठेवून कृपेची आठवण काढणे म्हणजे अर्धाच शुक्र होय.

आधी धीर, मग पाणी

सूरह मरयममध्ये आदरणीय मरयम (अ.) यांच्या प्रसूतीचा प्रसंग आहे. वेदना असह्य होऊन त्या खजुराच्या बुंध्याचा आधार घेतात. आपण याआधीच मेलो असतो तर बरे झाले असते, असे त्यांना वाटते. त्या क्षणी त्यांना मदत मिळते, तिचा क्रम पाहा. सर्वांत आधी ‘दुःख करू नकोस’ हा धीर, मग वाहते पाणी, मग ताजे खजूर. वेदनेत असलेल्या स्त्रीला पहिली गरज आश्वासक शब्दाची असते, हे या क्रमातून उमगते. प्रसूतिकक्षात तो शब्द बहुतेक वेळा परिचारिकाच उच्चारते.

मस्जिदीतील तंबू

रुग्णसेवेला इस्लामच्या इतिहासात मानाचे स्थान आहे. आदरणीय रुबय्यिअ बिन्ते मुअव्विज (रजि.) आणि उम्मे अतिय्या (रजि.) यांनी युद्धप्रसंगी जखमींची सेवा केली. खंदकच्या युद्धात आदरणीय सअद बिन मुआज (रजि.) यांच्या हाताची रक्तवाहिनी तुटली, तेव्हा त्यांना रुफैदा (रजि.) यांच्याकडे सोपवण्यात आले. प्रेषितांच्या मस्जिदीत त्यांचा तंबू होता. प्रेषित (स.) सकाळ-संध्याकाळ सअद (रजि.) यांची विचारपूस करत.

सअद (रजि.) त्या जखमेतून वाचले नाहीत. तरीही रुफैदा (रजि.) यांचे नाव चौदाशे वर्षे आदराने घेतले जाते. ज्या घरात बाळ किंवा आई वाचू शकली नाही, त्या घरासाठी यात मोठा बोध आहे. जीवन-मृत्यू अल्लाहच्या हाती आहे. परिचारिकेच्या हाती केवळ प्रामाणिक सेवा असते. ती सेवा झाली असेल, तर परिणाम काहीही होवो, तिचे ऋण शिल्लक राहते.

तीन सबबी

पहिली सबब अशी की तिला पगार मिळतो. पगार कामाच्या तासांचा असतो. ओरडणाऱ्या आईला शांतपणे समजावण्याचा मोबदला कोणत्याही पगारपत्रकात नसतो. शिवाय मजुराला त्याचा घाम सुकण्यापूर्वी मजुरी द्या, ही शिकवण मोबदल्याची आहे आणि आभार मानण्याची शिकवण वेगळी आहे. एकीने दुसरी संपत नाही.

दुसरी सबब अशी की ती आपल्या धर्माची नाही. ताइफहून परतताना प्रेषित (स.) यांना मक्केत आश्रय दिला तो मुतइम बिन अदी यांनी. त्यांनी इस्लाम स्वीकारला नव्हता. पुढे बद्रच्या युद्धातील कैद्यांविषयी प्रेषित (स.) म्हणाले की आज मुतइम हयात असते आणि त्यांनी रदबदली केली असती, तर मी या सर्वांना त्यांच्यासाठी सोडून दिले असते. उपकारकर्त्याच्या मृत्यूनंतरही उपकार स्मरणात ठेवणे, हा आपल्या प्रेषितांचा आदर्श आहे.

तिसरी सबब अशी की आम्ही पैसे दिले होते. येथे सावध राहावे. चांगली वागणूक मिळावी म्हणून आधीच हातात ठेवलेले पैसे कृतज्ञता नसून लाचेकडे नेणारी वाट आहे. जकात वसुलीसाठी गेलेल्या एका अधिकाऱ्याने ‘हे मला भेट मिळाले’ असे सांगितले, तेव्हा प्रेषित (स.) यांनी त्याला खडसावले होते. तो घरी बसून राहिला असता, तर ही भेट त्याला मिळाली असती काय, असा त्यांचा सवाल होता. बाळ झाल्यावर पैशांची मागणी होत असेल, तर तीही अयोग्यच आहे.

मग काय करावे?

उपकाराची परतफेड करा आणि ती शक्य नसेल तर उपकारकर्त्यासाठी दुआ करा, असे प्रेषितांनी शिकवले आहे. आपल्या आवाक्यातील काही गोष्टी अशा:

परिचारिकेचे नाव विचारा आणि नावानिशी आभार माना. घरी जाताना अधिसेविकेकडे किंवा रुग्णालयाच्या प्रमुखांकडे चार ओळींचे पत्र द्या. तक्रारीची पत्रे त्यांना नेहमीच मिळतात. भेटीच्या वेळा पाळा, खाटेभोवती गर्दी करू नका. तिच्या कामात अडथळा न आणणे हीसुद्धा कृतज्ञताच आहे. काही समजले नाही तर ओरडण्याआधी विचारा. चूक झाली असेल तर क्षमा मागा. आणि आपल्या वस्तीतील एखाद्या मुलीला परिचारिका व्हायचे असेल, तर रात्रपाळीच्या नावाने तिची वाट अडवू नका. आपल्या लेकी-सुनांच्या उशाशी रात्री कोणीतरी जागे असावे असे वाटत असेल, तर जागणाऱ्या मुलींचा मानही आपणच राखला पाहिजे.

अकीकानंतर चार दिवसांनी मी त्या कक्षात पुन्हा गेले. त्या परिचारिकेचे नाव विचारून घेतले, तिची क्षमा मागितली आणि पत्र अधिसेविकेकडे दिले. ती हसून एवढेच म्हणाली, “बाळाचे वजन किती झाले?” आता आमच्या घरी बाळासाठी दुआ होते, तेव्हा तिचेही नाव घेतले जाते.

अल्लाह आपणा सर्वांना आपले आणि आपल्या दासांचे ऋण ओळखण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.