वचन ऐकले, पण मानले का?



घरभेटीला गेलो की आम्ही एक गोष्ट नेहमी पाहतो. जवळपास प्रत्येक घरात बायबल असते. कुठे ते टीव्हीवर, क्रोशाच्या रुमालाखाली असते. कुठे काचेच्या कपाटात, आणले त्या प्लास्टिकच्या पिशवीसकट. एका घरी आम्ही ते वाचायला मागितले, तर आजींनी आधी आम्हाला हात धुवायला लावले. हात धुऊन उघडले, तर पाने अजून कडेला एकमेकांना चिकटलेली! आजींची भक्ती खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. त्यांना अक्षरओळख नाही. ज्यांना आहे ती मुले-नातवंडे शेजारीच बसली होती. त्यांना विचारायला हवे होते. आम्ही विचारले नाही, चहा घेऊन निघालो.

आज अभ्यासासाठी मत्तय ७:२४-२७ हा उतारा घेऊ. खडकावर घर बांधणारा आणि वाळूवर घर बांधणारा, हा दाखला आपल्याला पाठ आहे. तरी त्यातली एक गोष्ट निसटते. या दोघांनीही वचन ऐकलेले आहे. प्रभू येशू येथे ऐकणारा आणि न ऐकणारा असा भेद करत नाही. दोघेही दर रविवारी मिस्सेला येणारे असतील, पहिल्या बाकावर बसणारेही असतील. रस्त्यावरून जाणाऱ्याला दोन्ही घरे सारखीच दिसतात, पाऊस येईपर्यंत.

हा दाखला आपल्या जिल्ह्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास औसा तालुक्यातील किल्लारी आणि भोवतालची गावे भूकंपाने उद्ध्वस्त झाली. (तो दिवस बायबलचे लॅटिन भाषांतर करणाऱ्या संत जेरोम यांच्या सणाचा.) ज्या घरांत पुष्कळ माणसे दगावली ती दिसायला कच्ची नव्हती. हातभराहून जाड दगडी भिंती, वर मातीचे जड माळवद. पाहुण्याला वाटावे, गढीच आहे! पुढे अभियंत्यांनी कारण सांगितले. भिंतीला बाहेरून दगडाचा एक थर, आतून दुसरा, मध्ये माती आणि दगडगोट्यांची भर; पण दोन्ही थरांना धरून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड नव्हता. जमीन हलली तसे थर एकमेकांपासून सुटले आणि माळवद खाली आले. साध्या कुडाच्या झोपडीतली माणसे मात्र वाचली.

हे आम्ही मृतांचा न्याय करण्यासाठी लिहीत नाही. बुरूज पडून मेलेल्यांविषयी प्रभूने काय सांगितले ते लूक १३:४-५ मध्ये पाहावे. आम्हाला त्या भिंतीची रचना तेवढी घ्यायची आहे. बाहेरचा थर म्हणजे आपली मिस्सा, जपमाळ, उपवास, गळ्यातला क्रूस. तो थर हवाच. कोणी म्हणेल की मन शुद्ध असले म्हणजे झाले, मिस्सा कशाला, तर त्यानेही भिंतीचा एक थर काढून टाकलेला असतो. पण आतला थर त्याला बांधलेला आहे का?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना कार्डिनल न्यूमन यांच्या १८७० सालच्या ग्रंथाशी आमची ओळख झाली. हे न्यूमन २०१९ साली संत घोषित झाले. ते सांगतात की एखादी गोष्ट खरी आहे हे बुद्धीने मान्य करणे वेगळे आणि ती वस्तुस्थिती म्हणून मनाला भिडणे वेगळे. तेव्हा आम्हाला हे जड वाटले होते. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, तेव्हा सोपे झाले. राज्याने तो दुष्काळ पेपरात वाचला, आपण रिकाम्या घागरीत पाहिला. खोटा कोणीच नव्हता. पण रात्री उठून नळापाशी कोण गेले?

आपल्या महाराष्ट्रात याचे सर्वांत प्रामाणिक उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. त्या कॅथॉलिक नव्हत्या, तरी त्यांच्याकडून शिकण्यास आपल्याला संकोच नसावा. लहानपणीच त्यांना भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत होते. कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ साली त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन मंडळीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ साली मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले. विद्या होती, सेवा होती, बाप्तिस्मा होता. आणि एवढे असताना पुढे १९०७ साली आपल्या आत्मवृत्तात त्यांनी लिहून ठेवले की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षांनी आपल्या लक्षात आले, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मिळालेला नाही. टीकाकार टपून बसलेले असताना असे लिहायला केवढे धैर्य लागले असेल!

त्यांच्या हाती त्या काळात विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचे आत्मकथन आले होते. हे गृहस्थ अनेक वर्षे दीक्षित पाळक होते. १८५१ साली एका रविवारी व्यासपीठावर उपदेश करता करता त्यांना उमगले की आपण सांगतो आहोत ते आपण स्वतः कधी मानलेच नाही. आपल्याच उपदेशाने पालटलेला पाळक, अशी त्यांची ख्याती झाली.

रमाबाईंच्या बाबतीत फरक काय पडला? १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतातून उपाशी मुलींना घेऊन आल्या, आणि केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. स्वतःचे आईवडील दुष्काळातच गेलेले त्यांनी पाहिले होते. आपल्याकडून रेल्वेने पुण्याला जाताना दौंडच्या पुढे केडगाव लागते. तेथेच बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल खेड्यातल्या बाईलाही कळेल अशा मराठीत आणले. मृत्यूपर्यंत, म्हणजे एप्रिल १९२२ पर्यंत, त्या या कामात होत्या. ग्रंथ त्यांच्या पश्चात १९२४ साली प्रसिद्ध झाला.

हॅस्लम यांची गोष्ट वाचताना आम्हाला हसू आले नाही, त्याचे कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात आम्ही मत्तय ५:२३-२४ वर प्रवचन केले. वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्याला भावाची आठवण झाली तर त्याने आधी जाऊन समेट करावा, हा तो उतारा. प्रवचन चांगले झाले, निदान आम्हाला तसे वाटले. मिस्सेनंतर एक म्हातारबा थांबले आणि म्हणाले, "फादर, तुमचं बरं हाय, तुम्हाला कुणाशी वाकडं नसतं." आम्ही हसून मान डोलावली. वडिलोपार्जित शेताच्या बांधावरून सख्ख्या भावाशी आमचे बोलणे तेव्हा दोन वर्षे बंद होते. त्या दोन वर्षांत एक दिवसही आम्ही मिस्सा चुकवली नव्हती.

फोन करायला त्यानंतरही अकरा दिवस लागले. पहिल्यांदा वहिनींनी उचलला आणि भाऊ घरी नाही म्हणाल्या. तो घरी होता, मागे त्याचा आवाज येत होता. दुसऱ्यांदा तो आला, पाऊसपाण्याचे बोलला. बांधाचा वाद अजून पुरता मिटलेला नाही, पण नाताळला आम्ही एका ताटात जेवलो.

येत्या बुधवारी संध्याकाळच्या मिस्सेनंतर मत्तय ५:२१-२६ हा उतारा सर्वांनी मिळून वाचायचा आहे. प्रत्येकाने घरातले बायबल पिशवीतून काढून आणावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी नातवाला किंवा नातीला सोबत घ्यावे, वाचन त्यांच्याकडूनच करून घेऊ. आणि वाचण्याआधी पाच मिनिटे शांत बसून, ज्याच्याशी आपले बोलणे बंद आहे अशा एका माणसाचे नाव मनात आणावे. कोणालाही सांगायची गरज नाही, आम्हालाही नाही.