कोंबडीसाठी कुणी एवढं रडतं का?

"कोंबडीसाठी एवढं रडायचं? उद्या बाजारातून दुसरी आणू." हे आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडून निघालेलंच असतं. गॅसवर दूध उतू जातंय, शाळेची रिक्षा दाराशी आलीय आणि पोर खुराड्यापुढून हलत नाही. रडू लवकर थांबावं, एवढंच आपल्याला हवं असतं.

पण ती खुडूक बसली तेव्हा २१ दिवस त्यानेच बोटांवर मोजले होते. अंडं कुठल्या कोपऱ्यात घालते, हेही त्यालाच ठाऊक. घरात प्रत्येक जण त्याला काही ना काही सांगत असतो. त्याचं ऐकून मागे मागे धावणारी तेवढी ती एकटीच. तिच्या जागी दुसरी कशी चालेल?

"झोपली", "देवाकडे फिरायला गेली" असं आपण मायेपोटीच सांगतो. चार-पाच वर्षांच्या मुलाला मात्र मेलेलं परत येत नाही हे नीट उमगलेलं नसतं. ते खरंच वाट बघत बसतं, नाहीतर रात्री डोळे मिटायला घाबरतं. "मेली रे ती, आता उठणार नाही," असं जवळ घेऊन सांगितलेलं बरं. सांगताना आपलाच आवाज बसतो, बसू दे.

मुंगसाने नेली असेल, तर "खुराड्याचं दार मीच लावलं नव्हतं का?" हे त्याच्या मनात असणारच, विचारो न विचारो. तेव्हा आपणहून सांगा की दार बघायचं काम मोठ्यांचं होतं.

मानमोडी रोगाने गेली असेल तर त्याला हात लावू देऊ नका. खोल पुरून वर चुना टाकायचं काम आपलं. फूल लांबून वाहू दे. पुढे कधी नवी पिल्लं आली, की पहिल्या आठवड्यात मानमोडीच्या लासोटा लसीचा थेंब डोळ्यात घालताना पिल्लू धरायला त्यालाच बोलवा.

सगळ्यात अवघड रविवार. रश्शाचा वास सुटलेला आणि ताटावरून प्रश्न: "ही पण कोंबडीच ना?" याचं छानसं उत्तर मी तरी कुणाकडून ऐकलेलं नाही. "हो" म्हणावं. खाणार नाही म्हणालं तर मुकाट वरणभात वाढावा, आजीला आधीच खुणवून ठेवावं. आणि काही रविवारांनी त्याने स्वतःच तंगडी मागितली, तर "आता कशी चालते?" असं चिडवू नये.