धपाट्याआधी विचारा

दिवाळीच्या सुमारास मुखेड, कंधार, जळकोटकडची पुष्कळ माणसे ऊसतोडीला जातात. लेकरे आजीजवळ राहतात, नाहीतर नातलगांकडे. बहुतेक लेकरे सुखरूप असतात. सगळीच नाही.

एखादी नात एकाएकी अंथरुणात मुतू लागते. शेजारच्या काकाकडे जा म्हटले की रडते. आजी म्हणते, "लई लाडावलीय." वर एक धपाटा. लेकरू गप्प होते. दरवेळी काही वाईटच घडले असेल असे नाही. पण आधी विचारावे.

विचारले नाही तर पुढे काय होते? एक बाई डोळ्यांपुढे आणा. सात वर्षांची असताना नात्यातल्या माणसाने तिला नको तिथे हात लावला. तिने मायला सांगितले. मायने तिचेच तोंड दाबले, "घराचं नाव जाईल!" पुढे ती मोठी झाली. कामावर एकाने तिला धरले. तिला ओरडायचे होते, पण आवाजच फुटेना. तिला वाटले, "माझ्यातच खोट हाय."

खोट तिच्यात नव्हती. लहानपणी कुणी ऐकले नाही, म्हणून मन गप्प बसायला शिकले. भीतीने अंग लाकडासारखे होते. झोप उडते. कुणावर भरवसा बसत नाही, किंवा नको त्याच्यावर बसतो. वाईट माणूस अशा मुक्या माणसाला बरोबर हेरतो. २०१९ साली देशोदेशीच्या पाहण्या एकत्र करून पाहिल्या. लहानपणी लैंगिक अत्याचार झालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांवर पुढे पुन्हा अत्याचार झाला होता. बाकीच्यांवर झाला नाही, हेही ध्यानात ठेवा. लहानपणी घडले म्हणून पुन्हा घडेलच, असे नाही.

आणि मुलगा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. केंद्र सरकारचा २००७ सालचा अहवाल आहे. १३ राज्यांतल्या मुलांना विचारले, आपला महाराष्ट्रही त्यांत होता. १०० पैकी ५३ मुलांनी कसला ना कसला लैंगिक त्रास सांगितला. त्यांत निम्म्याहून थोडे जास्त मुलगेच होते.

२०१२ साली पोक्सो कायदा झाला. तो १८ वर्षांखालच्या सर्व मुलामुलींसाठी आहे. पोलीस लेकराच्या घरी येऊन जबाब घेतात. शक्यतो बाई अधिकारी येते, तीही साध्या कपड्यांत. लेकराचे नाव छापायला बंदी आहे. १०९८ वर दिवसरात्र फुकट फोन लागतो. मोठ्या बाईनेही मनातले दुखणे दाबून ठेवू नये. नांदेड आणि लातूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यांत मनाचे डॉक्टर असतात.

आता आजीने काय करावे? लेकराला जवळ घ्यावे. म्हणावे, "माझे बाय, तुझी काय बी चूक न्हाई. कुणी काय केलं, मला सांग." मग ते बोलेपर्यंत थांबावे. रात्र झाली तरी चालेल.