डोळ्याचा कोणता कोपरा सुजला?

राजगडाच्या पायथ्याशी पाली नावाचे गाव आहे. गडाचा पाली दरवाजा याच गावाच्या नावाने ओळखला जातो. या मावळी मुलखात पावसाळ्यात उतारावरची भातखाचरे नीट पाहा. वरच्या खाचरातले पाणी बांधाला पाडलेल्या तोंडातून खाली येते, खाचरभर पसरते आणि दुसऱ्या तोंडातून पुढे निघून जाते. पाणी येण्याची वाट वेगळी, जाण्याची वेगळी. तुमच्या डोळ्याचेही असेच आहे.

भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली, हाडाच्या आडोशाला, सुमारे बदामाएवढी एक ग्रंथी असते. ती अश्रुग्रंथी. पापण्यांतही ओलावा पुरवणाऱ्या बारीक ग्रंथी आहेत. पण रडताना किंवा कांदा चिरताना येणारे पाणी मुख्यतः अश्रुग्रंथीचे. पापणी मिटली की ते डोळाभर पसरते. मग नाकाकडच्या कोपऱ्यातील दोन सूक्ष्म छिद्रांतून ते अश्रुपिशवीत आणि तेथून नाकात उतरते. रडताना नाक का वाहते, ते आता कळले ना?

हे पाणी नुसते खारे पाणी नव्हे. अलेक्झांडर फ्लेमिंग या शास्त्रज्ञाने लिंबाच्या सालीच्या रसाने सहकाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आणून ते तपासले. त्यात काही जीवाणूंना विरघळवून टाकणारा पदार्थ असल्याचे त्याने 1922 साली प्रसिद्ध केले. त्या पदार्थाचे नाव लायसोझाइम. म्हणजे अश्रू डोळ्याचे पहारेकरीही आहेत. (हा प्रयोग तुम्ही मात्र मुळीच करू नका!)

पण अश्रू बनवणारी ग्रंथीच कधी कधी आजारी पडते. तिला सूज येते, ती लाल होते, दुखते. यालाच अश्रुग्रंथिदाह म्हणतात. वरच्या पापणीचा बाहेरचा भाग फुगतो आणि खाली झुकतो, त्यामुळे पापणीची कड नागमोडी दिसते. कानासमोर दुखरी गाठही येऊ शकते. रांजणवाडी ओळखण्याची खूण वेगळी: ती पापणीच्या केसांच्या मुळाशी पुटकुळीसारखी येते. सूज नाकाकडच्या कोपऱ्यात असेल तर बहुधा अश्रुपिशवीचा दाह असतो. तिथे पाणी जाण्याची वाट तुंबलेली असते, म्हणून डोळा सतत वाहतो.

अचानक होणारा अश्रुग्रंथिदाह पुष्कळदा विषाणूंमुळे होतो. गालगुंडाचा विषाणू हा त्यांपैकी एक. गालगुंड कानाखालच्या लाळग्रंथीचा रोग, मग डोळ्याशी त्याचा काय संबंध? लाळग्रंथी आणि अश्रुग्रंथी यांची घडण बरीच सारखी असते. म्हणून एकाच रोगाने दोन्ही सुजू शकतात. योहान मिकुलिच या शल्यवैद्याने 1888 साली एका शेतकऱ्याची हकीकत मांडली. त्याच्या दोन्ही डोळ्यांच्या अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथी सुजल्या होत्या, पण दुखत नव्हत्या. अशी हळूहळू वाढणारी, न दुखणारी सूज शरीराच्या संरक्षणव्यवस्थेतील बिघाडाने येऊ शकते. क्वचित क्षयासारखे रोगही तिच्यामागे असतात. म्हणून दुखत नाही, तेव्हा काळजी नाही, असे समजू नये.

उपचार कारणावर ठरतो. विषाणूंमुळे आलेली सूज बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप उतरते. ऊन पाण्यात भिजवून पिळलेल्या स्वच्छ फडक्याच्या शेकाने बरे वाटते. जीवाणूंमुळे झालेल्या दाहाला प्रतिजैविके लागतात. ती डॉक्टरांनीच ठरवायची. मुलांना मनाने ॲस्पिरिन देऊ नये. डोळ्यात पाल्याचा रस, मध किंवा कुणाचे उरलेले थेंब घालू नयेत आणि सूज दाबू नये.

आता एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. डोळा पुढे येऊ लागला, हलवताना दुखू लागला, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, नजर अंधुक झाली किंवा जोराचा ताप आला, तर दाह डोळ्याच्या खोबणीत पसरला असण्याची शंका घ्यावी. अशा वेळी उद्याची वाट पाहू नका. घरच्यांना सांगून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. गाव डोंगरात असेल आणि एस.टी. मोजक्या असतील, तर आधीच निघायला हवे. गेलेली नजर परत मिळेलच असे नाही.

करून पाहा : साबणाने हात धुऊन आरशासमोर उजेडात बसा. खालच्या पापणीचा नाकाकडचा भाग बोटाने हळूच खाली ओढा. कडेवर टाचणीच्या टोकाएवढे छिद्र दिसेल. पाणी जाण्याचे तोंड तेच. आता पाणी येण्याचे तोंड कोणत्या कोपऱ्यात असेल, ते बोट न लावता शेजाऱ्याला दाखवा.