निर्णय कोण घेतो? सवय की स्मृती?



मुलीला स्थळ सांगून येते. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी; घरी नित्य वंदना होते. तरीही आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "पोटजात कोणती?" हा प्रश्न विचारायचा असे आपण ठरविलेले नसते. मग ठरविले कोणी?

पाली साहित्यात मनाच्या तळाशी सुप्त असणाऱ्या प्रवृत्तींना 'अनुसय' म्हटले आहे. ते सात आहेत. त्यांपैकी एक 'मान'. मी वरचा, तो खालचा, हा बरोबरीचा, अशी मोजणी मान सतत करीत असतो. इंद्रियांचा विषयाशी स्पर्श होताच वेदना, म्हणजे सुखद वा दुःखद जाणीव, उत्पन्न होते. वेदनेतून तृष्णा व तृष्णेतून उपादान, म्हणजे घट्ट पकड, निर्माण होते. हे क्षणार्धात घडते. विचार मागाहून येतो आणि पुष्कळदा झालेल्या निर्णयाची वकिली करतो. "रीतभात जुळली पाहिजे," ही तशीच वकिली होय. नकळत, झटपट होणारा निर्णय आणि सावकाश, जाणीवपूर्वक केलेला विचार, असा भेद आजचे मानसशास्त्रही करते.

मग मनुष्य सवयीचा गुलामच काय? मुळीच नाही. भगवान बुद्धांनी चेतनेलाच कर्म म्हटले आहे. वेदना आणि तृष्णा यांच्यामध्ये स्मृतीचा पहारा बसविता येतो. अनुसय दिसला की त्याचे बळ कमी होते.

बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास दीक्षा घेतली. मधली २१ वर्षे अभ्यासाची व विचाराची होती. दीक्षेबरोबर त्यांनी २२ प्रतिज्ञाही दिल्या. कारण दीक्षा एका दिवसात घेता येते. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय एका दिवसात जात नाही. सर्व माणसे समान आहेत असे मी मानतो, ही प्रतिज्ञा आपण उच्चारली आहे. तिची खरी परीक्षा विहारात होत नाही. स्थळ दारात येते तेव्हा होते.

या पंधरवड्यात एवढे करा. कोणताही मोठा निर्णय घेण्यापूर्वी क्षणभर थांबा. मनात प्रथम काय उठले ते पाहा आणि स्वतःला विचारा : हे प्रतिज्ञेतून आले की सवयीतून? उत्तर प्रामाणिकपणे द्या. मगच 'हो' किंवा 'नाही' म्हणा.

जयभीम!