शेततळ्यातील माशांची निवड : कोणाचे कोणाशी जमते?

ज्वारीच्या पाट्यात तुरीची ओळ घालताना शेतकरी एक तत्त्व पाळीत असतो. दोन्ही पिकांची मुळे जमिनीच्या एकाच थरात अन्न शोधीत नाहीत. म्हणून ती एकमेकांस मारक न होता शेजारी वाढतात. नव्या शेततळ्यात मासे सोडताना हेच तत्त्व लागू पडते. तळ्याच्या पाण्यालाही थर असतात आणि प्रत्येक थरात निराळे अन्न असते. निरनिराळ्या थरांत चरणाऱ्या जाती एकत्र सोडल्या म्हणजे तळ्यातील सर्व अन्न उपयोगी पडते. एकाच थरातील जातींची गर्दी केली, तर निम्मे तळे वाया जाते आणि मासेही खुरटतात.

पूर्वी अशी निवड करणे शेतकऱ्याच्या हाती नव्हते. पावसाळ्यात नदीतून गोळा केलेले बीज सरमिसळ असे व त्यात हिंस्र माशांची पिलेही येत. सन १९५७ मध्ये डॉ. हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात पियूष ग्रंथीच्या अर्काची टोचणी देऊन कार्प माशांचे प्रजनन यशस्वी केले. तेव्हापासून प्रत्येक जातीचे शुद्ध बीज निराळे मिळण्याचा मार्ग खुला झाला. या सोयीचा लाभ मात्र जाती ओळखणाऱ्यासच मिळतो.

माशाचे तोंड पाहावे

मासा कोणत्या थरात चरतो हे त्याच्या तोंडाच्या ठेवणीवरून समजते.

कटला : डोके मोठे, तोंड रुंद व वरच्या बाजूस वळलेले. हा पाण्याच्या वरच्या थरात तरंगणारे सूक्ष्म प्राणी, म्हणजे प्राणिप्लवंग, खातो.

रोहू : तोंड लहान व किंचित खाली वळलेले, ओठांस झालर. हा मधल्या थरात राहतो.

मृगळ : अंग सडपातळ, तोंड खालच्या बाजूस. हा तळाशी कुजणारा पालापाचोळा व गाळातील अन्न खातो.

या तीन देशी जातींचा मेळ उत्तम बसतो. नव्याने मत्स्यशेती करणाराने यांच्यापासूनच आरंभ करणे हितावह आहे.

पाहुण्या जातींचा विचार

चंदेरा आणि गवत्या हे मासे १९५९ साली अनुक्रमे जपान व हाँगकाँग येथून भारतात आणले गेले. चंदेरा वरच्या थरातील सूक्ष्म वनस्पती गाळून खातो. त्याचा व कटल्याचा थर एकच असल्याने दोहोंची संख्या मिळून शेकडा ४० च्या वर नेऊ नये. गवत्या कोवळे पाणगवत खातो. त्याच्या विष्ठेने पाण्याला खत मिळते व तळाच्या माशांना अन्न होते. तळ्यात गवत असेल किंवा बाहेरून रोज हिरवा चारा घालता येत असेल, तरच शेकडा ५ ते १० गवत्या सोडावेत. जलपर्णी मात्र तो आवडीने खात नाही.

सायप्रिनस झपाट्याने वाढतो. परंतु तो मृगळाचा वाटेकरी आहे. शिवाय तो तळ व बांध उकरतो आणि साठलेल्या पाण्यातही अंडी घालतो. नव्या मातीच्या बांधाच्या तळ्यात तो टाळावा किंवा मोजकाच सोडावा.

पाहुणी जात तळ्याबाहेर गेली तर काय होते, याचे उदाहरण हिमाचल प्रदेशातील गोविंदसागर जलाशयात घडले. सन १९७१ मध्ये चंदेरा पुराच्या पाण्याबरोबर या जलाशयात शिरला. पुढे त्याचे प्राबल्य वाढले आणि कटल्याचे उत्पादन घटत गेले. म्हणून तळ्याच्या सांडव्यास बारीक जाळी बसविल्याशिवाय या जाती सोडू नयेत.

शत्रू आधी काढावेत

मरळ, शिवडा व शिंगाळा हे मासे बोटुकल्या गिळतात. मरळ हवेतूनही श्वास घेते व ओल्या चिखलात तग धरते. म्हणून तळ्याचा तळ तडे जाईपर्यंत वाळू द्यावा. तळे आटत नसेल, तर एक मीटर खोल पाण्यास दर गुंठ्यामागे २५ किलो मोहाची पेंड टाकावी. तिचा विषारी परिणाम सुमारे तीन आठवडे टिकतो. तोवर ते पाणी जनावरांस पाजू नये. बीज सोडण्यापूर्वी थोड्या बोटुकल्या जाळीच्या पिशवीत घालून एक दिवस पाण्यात ठेवाव्यात. त्या जगल्या तरच पुढचे पाऊल टाकावे.

थाई मांगूर या जातीच्या संवर्धनास शासनाची बंदी आहे. ती कोणी स्वस्तात देऊ केली तरी घेऊ नये. तिलापिया लहान वयातच अंडी घालू लागतो व थोड्याच महिन्यांत तळे बारीक पिलांनी भरून जाते. कार्पच्या तळ्यात त्याला थारा देऊ नये.

किती सोडावेत?

दर गुंठ्यास ५० बोटुकल्या हे प्रमाण नवख्यास सुरक्षित आहे. उदाहरणार्थ, पाण्याचा पृष्ठभाग ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद असेल, तर क्षेत्र सुमारे ९ गुंठे भरते. त्यात ४५० बोटुकल्या सोडाव्यात. कटला, रोहू व मृगळ यांचे प्रमाण ४:३:३ धरल्यास कटला १८०, रोहू १३५ व मृगळ १३५ अशी संख्या येते. तळ्याच्या कडा उतरत्या असतात. म्हणून खड्ड्याचे माप न घेता पाण्याचे माप घ्यावे. पाणी दीड मीटरहून कमी खोल राहत असल्यास कटल्याची संख्या कमी करावी. प्लास्टिकचे अस्तर असलेल्या तळ्यात तळाशी गाळ नसतो, त्यामुळे मृगळास नैसर्गिक अन्न थोडे मिळते. तेथे भाताचा कोंडा व भुईमुगाची पेंड यांचे पूरक खाद्य द्यावेच लागते.

कार्यकर्त्यांचे काम

बीज विकणारा त्याच्यापाशी जे असेल ते देऊ पाहतो. लहानपणी सर्व पिले सारखीच दिसतात आणि चूक कळेपर्यंत हंगाम निघून जातो. लहान शेतकऱ्याला गेलेले वर्ष परत मिळत नाही. यास्तव गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पैसे देण्यापूर्वीच पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. तळ्यात पाणी किती महिने व किती खोल राहते?
२. जुने हिंस्र मासे पूर्णपणे निघाले आहेत काय?
३. प्रत्येक जातीचे बीज निराळ्या पिशवीत व मोजून दिले आहे काय?
४. बोटुकल्या निदान ७५ मिलिमीटर लांबीच्या आहेत काय?
५. सांडव्यास जाळी बसविली आहे काय?

या पाचही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तरच बीज तळ्याकाठी आणावे. पिशवी न सोडता पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी आणि सकाळच्या गारव्यात बोटुकल्या हलकेच सोडाव्यात.